सुडीसारखं कव्हर : उघड्यावर उभ्या गाडीसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

१८ मार्च

परवा रात्री अवकाळी आला. तास-दीड तास चांगला बदाबदा पडला. गाडीवर कव्हर होतं म्हणून मी निवांत झोपले. काल दिवसभर घरचं काम, म्हणून कव्हर आज संध्याकाळी काढलं. आतून गाडी ओलीचिंब. बॉनेटवर, टपावर घामासारखे थेंब उभे, काचांच्या बीडिंगला बुरशीचा कुबट वास, आणि टपाच्या लाल रंगावर हाताच्या तळव्याएवढे पांढुरके डाग. कव्हरच्या आतल्या बाजूची चंदेरी पूड जागोजागी रंगाला चिकटली होती. बोट फिरवलं तर बोटाच्या टोकाला शिशाच्या पेन्सिलीसारखी चमक आली.

कव्हर ऑनलाइन घेतलेलं, ८९९ रुपयांचं. पाकिटावर ‘१०० टक्के वॉटरप्रूफ’. ते खोटं नव्हतं. वरून पाणी शिरलंच नाही, सगळं आतलंच आतमध्ये कोंडलं.

गाडी २०१६ ची, सेकंड-हँड, लाल हॅचबॅक. आमच्या गावातून माझी शाळा १८ किलोमीटर. बारा वर्षं एसटी आणि काळी-पिवळीच्या वेळा पाहत काढली, तेव्हा कुठं ही दारात आली. दारात म्हणजे अंगणातच, उघड्यावर. छपरीत ट्रॅक्टर आणि ढोरं. शेड टाकावं म्हटलं तर अंगण तीन भावांचं सामाईक आणि हंगामात बैलबंडी, ट्रॅक्टर, मळणीयंत्र सगळं इथूनच फिरतं. ग्रीन नेटचा मांडवही त्याच कारणानं जमत नाही. निंबाखाली सावली आहे, पण तिथं बगळ्यांचा रातवा. म्हणून कव्हर हाच मार्ग, आणि तो नीट शोधायचा. आजपासून लिहून ठेवते.

१९ मार्च

सकाळी मामाजी, म्हणजे माझे सासरे, गाडीभोवती फिरून पाहत होते. दाराच्या फटीत बोट घालून ओल पाहिली आणि म्हणाले, “काहून घामेजली ते माहीत हाय का सूनबाई? जीव कोंडला तिचा. सुडीले कधी बुडापासून आवळून बांधते का कोनी?”

हे वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. सोयाबीन सोंगून झालं की मळणीपर्यंत वावरात सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाचा रचलेला ढीग, लावून ठेवतात. पाऊस दिसला की तिच्यावर ताडपत्री टाकतात, पण फक्त वरून. कडेला खालचा भाग मोकळा ठेवतात. चारही बाजूंनी गुंडाळली तर आतली ओल बाहेर पडत नाही, सुडी तापते, शेंग काळी पडते, दाण्याला बुरशी धरते. हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत आहे, आणि मी गाडी मात्र टाचेपासून डोक्यापर्यंत प्लॅस्टिकमध्ये बांधली होती.

पाऊस आणि ऊन वरून येतं. ओल खालून येते, भिजलेल्या मातीतून. दिवसा ती वाफ होऊन कव्हरखाली चढते, रात्री पत्रा गार पडला की त्याच्यावर थेंब होऊन बसते. म्हणजे वरची बाजू आणि कडेची बाजू यांची कामं वेगळी. बाजारातली बहुतेक कव्हरं एकाच कापडाची असतात. इथंच गोम असावी असं वाटतं.

२३ मार्च

रविवार. गाडी धुतली. पांढुरके डाग दोन दिवसांच्या उन्हात बरेच विरले, म्हणजे ती रंगाच्या वरच्या थरात अडकलेली ओल होती. तीन ठिपके मात्र गेले नाहीत. ते पाखरांच्या विष्ठेचे, जुने. विष्ठेत युरिक ॲसिड असतं. त्यात उन्हानं रंगाचा पारदर्शक थर तापून मऊ होतो आणि गार होताना त्या डागाभोवती आवळतो, म्हणून खड्डा पडतो. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. त्याच्या खाली लाल रंग. ऊन, माती आणि विष्ठेपासून जे काही वाचवायचं ते एवढंसं.

पाण्याचं वेगळंच. आमचा भाग पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी अंगणात सांडलं तरी वाळल्यावर पांढरं दिसतं. त्या पाण्यानं गाडी धुतली आणि उन्हात वाळू दिली की रंगावर क्षारांचे गोल राहतात. आता नियम केला : धुवायची ती नळाच्या पाण्यानं, सावली आल्यावर, आणि लगेच पुसायची. नळ रोज येत नाही, म्हणून दोन बादल्या राखून ठेवायच्या. दोन बादल्यांत होतं.

दुसरा नियम जास्त महत्त्वाचा : मळलेल्या गाडीवर कव्हर घालायचं नाही. आमची काळी माती बोटात मऊ लागते, पण तिच्यात बारीक कण कडक असतात. वाऱ्यानं कव्हर हललं की ते कण घासकागदाचं काम करतात. बॉनेटवर उन्हात आडवं पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात, त्या कव्हर घातल्यापासूनच्या आहेत. उघड्या गाडीला कव्हरच्या नादानं मीच ओरखडे दिले. आधी मोरपिसांचा झाडणा हलक्या हातानं फिरवला, पण मातीच्या थरावर कोरडं काहीच घासू नये हेच खरं. निदान एक बादली पाणी वरून सोडावं.

३० मार्च

दर्यापूर आणि अकोला, दोन्हीकडं फिरून कापडाचे तुकडे गोळा केले. दुकानदारांनी हसतमुखानं वीत-वीत कापून दिले. काय काय मिळालं ते नीट लिहिते, कारण ही नावं ऐकून माझा आधी गोंधळ झाला होता.

चंदेरी टफेटा : पॉलिएस्टरचं पातळ विणलेलं कापड, एका बाजूला चंदेरी लेप. ‘१९० टी’ लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून १९० धागे. आकडा मोठा तर वीण घट्ट, एवढंच. कापड जाड आहे असा त्याचा अर्थ नाही. माझं जुनं कव्हर याचंच, आणि लेप आतल्या बाजूला होता.

जाड पॉलिएस्टर, आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप : यावर ‘२१० डी’. हा डेनियर, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम ते. हा धागा खरोखर जाड. पाणी अडतं, हातात घेतलं तर छत्रीच्या कापडापेक्षा भारी लागतं.

लेप नसलेलं पॉलिएस्टर : तसंच, पण साधं. पाण्याचा थेंब थोडा वेळ थांबतो, मग मुरतो. फुंकर मारली तर पलीकडं हाताला लागते.

न विणलेलं कापड : लग्नात साड्या-टॉवेल देतात त्या पिशव्यांचं. पॉलिप्रॉपिलीनचे धागे एकमेकांवर दाबून, चिकटवून केलेलं. महागड्या कव्हरांत याचेच तीन-चार थर असतात आणि ती श्वास घेतात असं सांगितलं जातं. श्वास घेतात हे खरं. उन्हात किती टिकतात ते पाहायचं.

पीव्हीसीचं ‘पॅराशूट’ म्हणून विकतात ते, ताडपत्री, आणि मांजरपाट. मांजरपाट मी आपल्या मनानं घेतलं. धुवून खळ काढली की सुती कापडासारखं मऊ काही नाही.

एका दुकानात मालकानं कव्हर काढून दाखवलं आणि “सगळ्या मोसमात चालते ताई” म्हणाला. आमच्याकडं सगळे मोसम म्हणजे मे महिन्याचं ४५ आणि जुलैची झड. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदवलं गेलं होतं. दोन्हीला एकच कापड कसं चालेल, हे मी त्याला विचारलं. त्यानं जाड-पातळ असं सांगितलं, उत्तर काही मिळालं नाही.

२ एप्रिल

सातवीच्या वर्गात बाष्पीभवन चालू आहे, म्हणून प्रयोग तिथंच केला. सात स्टीलचे पेले, प्रत्येकात सारखं गरम पाणी. पेल्याच्या तोंडाला एकेक कापड रबरानं ताणून बांधलं आणि वर गार काचेची बशी पालथी ठेवली. दोन मिनिटांनी बश्या उचलल्या.

मांजरपाट, साधं पॉलिएस्टर आणि न विणलेलं कापड यांच्यावरच्या बश्या धुरकट, मांजरपाटावरच्या बशीवर तर थेंब. पीव्हीसी, ताडपत्री आणि लेपवाल्या कापडांवरच्या बश्या कोरड्या. ही कापडं उलटी करून पोरांना दाखवली तर सगळं पाणी कापडाच्या आतल्या अंगाला लोंबत होतं. एक पोरगी म्हणाली, “मॅडम, हे तर भाताच्या झाकणावानी झालं.” तेच झालं होतं माझ्या टपावर.

३ एप्रिल

जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर प्रत्येक कापडाचं आतलं अंग पन्नास वेळा घासलं. ताडपत्रीनं आणि पीव्हीसीनं रेघा काढल्या. चंदेरी लेपानं धूसर पट्टा पाडला. खळ न काढलेल्या मांजरपाटानंसुद्धा बारीक रेघा उमटल्या, हे अपेक्षित नव्हतं. तोच मांजरपाट दोनदा उकळत्या पाण्यात भिजवून, धुवून परत घासला तर काहीच उमटलं नाही. न विणलेलं कापड ठीक.

६ एप्रिल

छपरीच्या टिनावर सगळ्या कापडांच्या पट्ट्या बांधल्या. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग उन्हात, अर्धा पुठ्ठ्याखाली झाकलेला. पाच आठवडे हात लावायचा नाही. खालच्या टिनाचाही ताप लागेल, म्हणजे परीक्षा कडक आहे.

२० एप्रिल

तीन दुपारी गाडीच्या आतलं तापमान मोजलं. आधी शाळेत करोनाच्या वेळचं कपाळावर धरायचं यंत्र होतं ते आणलं होतं. ते ४३ च्या आसपास गेलं की आकडा दाखवत नाही, नुसतं ‘हाय’ असं दाखवतं. मग प्रयोगशाळेची ११० अंशांपर्यंतची काचेची तापमापी सीटच्या मधोमध टांगली, थेट ऊन लागू नये म्हणून कागदाच्या नळीत घालून. तिन्ही दिवस सावलीतलं तापमान ४१-४२, वेळ दुपारी अडीच.

कव्हर नाही : ६१.
जुनं चंदेरी कव्हर : ५३.
दोन पांढऱ्या सुती चादरी : ५०.

चादरींनी चंदेरी कव्हरला हरवलं यावर घरात कोणाचा विश्वास बसेना, म्हणून चौथ्या दिवशी परत केलं. एका अंशाचा फरक पडला, निकाल तोच. मला वाटतं कारण दोन : पांढरा रंग ऊन परतवतो, आणि चादरीखाली वारा खेळतो. चंदेरी कव्हर खालून इलॅस्टिकनं आवळलेलं, त्यामुळे आतली गरम हवा आतच.

जिनिंगमध्ये लाइटचं काम पाहणारे एक ओळखीचे आहेत, त्यांची लेझरवाली उष्णतामापी बंदूकही एक दिवस मिळाली. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती इथं टिपते : चकचकीत पृष्ठभागावर ही बंदूक आकडा चुकवते, खऱ्यापेक्षा कमी दाखवते. चंदेरी कापडावर पांढरी कागदी टेप चिकटवून त्या टेपवर मोजायचं. टेप नसताना आणि असताना यांत आम्हाला १४ अंशांचा फरक दिसला. चंदेरी कव्हर किती गार राहतं ते बंदूक धरून दाखवतात, तिथं हे ध्यानात ठेवावं.

२८ एप्रिल

संध्याकाळी वावधन सुटलं. कव्हर समोरून उचललं गेलं, फुग्यासारखं फुललं आणि मागचा लोखंडी हूक दाराला आपटत राहिला. बाहेर धावेपर्यंत ड्रायव्हरच्या दारावर बोटभर लांब ओरखडा पडला होता, रंगाच्या खाली पांढरं दिसेपर्यंत. फार वाईट वाटलं. हात लावला तर बोटाला कड लागते. तात्पुरतं टचअप केलंय, गंज धरू नये एवढ्यापुरतं.

हूक लोखंडी नको, प्लॅस्टिकचं बकल हवं. नुसत्या इलॅस्टिकवर भिस्त नको, गाडीच्या पोटाखालून दोन नवारीचे पट्टे हवेत. आणि वारा आत शिरला तर त्याला बाहेर जायला वाट हवी.

वावधनापाठोपाठ बोराएवढ्या गारा पडल्या, पाच मिनिटं. मामाजींनी घरातल्या तीन गोधड्या आणून टपावर, बॉनेटवर टाकल्या. पातळ कव्हरानं गार थांबत नाही, तिथं गोधडीच कामाची. माझा विमा नुसता थर्ड पार्टीचा आहे. त्यात गारांचं, झाड पडल्याचं नुकसान मिळत नाही, सर्वसमावेशक पॉलिसी लागते. पुढच्या नूतनीकरणाला ती घेणार.

११ मे

पट्ट्या उतरवल्या. पाच आठवडे झाले.

न विणलेलं पिशवीचं कापड : झाकलेला अर्धा जसाच्या तसा. उघडा अर्धा चिमटीत धरून ओढला तर वर्तमानपत्रासारखा फाटला, आणि चोळला तर बोटात भुगा. मामाजी म्हणाले, “खताचं पोतं वावरात पडलं की असंच होते.” बरोबर, ते पोतंही पॉलिप्रॉपिलीनचंच. उन्हातली अतिनील किरणं त्याच्या साखळ्या तोडतात. कारखान्यात त्यात ऊन सोसणारं रसायन मिसळलं असेल तर ते टिकतं, नसेल तर नाही, आणि नुसतं पाहून फरक कळत नाही. ‘श्वास घेणारं तीन थरी’ कव्हर घ्यायचं तर आधी हे विचारावं, आणि लेखी मिळालं तर घ्यावं.

चंदेरी टफेटा : कापड शाबूत, लेपाला भेगा. ओढलं की झडतो.
पीयू लेपाचं जाड पॉलिएस्टर : रंग किंचित उडाला. ताकद लावूनही फाटलं नाही.
साधं पॉलिएस्टर : तसंच.
मांजरपाट : पिवळसर पडलं, फाटायला थोडं सोपं झालं. उघड्या उन्हात बाहेरून नको, आतून चालेल.
पीव्हीसी : कडक, घडीवर तडा.

आता माझ्या मनात नक्की झालं. वर पीयू लेपाचं जाड पॉलिएस्टर, फिकट राखाडी, लेप आतून. कडेला साधं, हवा जाऊ देणारं पॉलिएस्टर. आतून रंगाला लागेल तिथं जुनं धुतलेलं सुती. तयार कव्हरात हे तिन्ही एकत्र मला मिळालं नाही, म्हणून शिवून घ्यायचं.

१४ मे

दर्यापुरात ट्रॅक्टरचे हूड आणि ताडपत्र्या शिवणाऱ्या चाचांकडं गाडी घेऊन गेले. त्यांनी आधी कापड नाही, गाडी पाहिली. तळहात टपावरून मागं सरकवत नेला, आणि जिथं जिथं कड लागली (अँटेना, वायपर, आरशाचा कोपरा, मागच्या काचेवरची पट्टी) तिथं खडूनं खूण केली. “कव्हर फाटते ते इथूनच फाटते बेटा,” म्हणाले. या सगळ्या जागी आतून दुहेरी ठिगळ लावायचं ठरलं.

पुढच्या नंबरप्लेटपासून बॉनेट, काच, टप करत मागच्या नंबरप्लेटपर्यंत माप पाच मीटरला थोडं कमी भरलं. चाचांचं म्हणणं, हा वरचा पट्टा एकसंध ठेवू, मधे जोड नको. सुई गेली तिथून पाणी जातं, कापड कितीही वॉटरप्रूफ असो. जोड फक्त दोन्ही कडांना, दारांच्या वरच्या रेषेखाली, आणि तोही कवेलूसारखा, वरचं कापड खालच्यावर चार बोटं उतरलेलं. पाणी ओघळून खाली जाईल, शिवणीत शिरणार नाही. वरच्या झालरीखाली झाकलेली जाळीची दोन खिडक्यांएवढी जागा प्रत्येक बाजूला, वारा आणि वाफ निघायला. आणि खालचा काठ जमिनीपासून वीतभर वर. मी त्यांना सुडीचं सांगितलं तर लगेच कळलं, समजवावं लागलं नाही.

अस्तरासाठी मांजरपाट घेऊन गेले होते. संध्याकाळी घरी विषय निघाला तर मामाजी आत गेले आणि पेटीतून त्यांचं एक जुनं धोतर घेऊन आले. “याच्यापरीस मऊ बाजारात भेटन का?” कितीदा धुतलं गेलं असेल त्याची गणती नाही. हातात घेतलं तर साईसारखं, उजेडात धरलं तर पलीकडची बोटं दिसतात. सीडीवर घासून पाहिलं, दोनशे वेळा. काही नाही. आणि लांबी साडेचार मीटर, बॉनेटच्या टोकापासून मागच्या काचेच्या खालपर्यंत पुरणारी. मांजरपाट परत घडी करून ठेवलं. अस्तर शिवून टाकायचं नाही, नाड्यांनी बांधायचं. उन्हाळ्यात आत, पावसाळ्यात काढून ठेवायचं, कारण सुती कापड ओलं झालं की ओल धरून बसतं.

१९ मे

कव्हर आलं. खर्च : वरचं कापड साडेपाच मीटर ९९० रुपये, कडेचं आठ मीटर ७२०, नवार, इलॅस्टिक आणि बकलं २४०, फोम १६०, शिलाई ७००. एकूण २,८१० रुपये.

फोम हा चाचांचा नाही, माझा हट्ट. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा पोकळ फोम, त्याचे दोन लांब तुकडे कापडाच्या नळीत घालून टपाच्या दोन्ही कडांना उभे शिवून घेतले. त्यामुळे कव्हर टपापासून दोन बोटं वर राहतं आणि मधून हवा पुढून मागं जाते. घर बांधताना कवेलूंखाली जी पोकळी राहते, तिच्यामुळेही ते टिनापेक्षा गार असतं.

पहिल्यांदा घातलं तर डाव्या आरशाची पिशवी अर्धा वीत मागं पडली. परत उसवून शिवलं. पुढच्या बाजूला लाल धाग्याची खूण केली, म्हणजे अंधारात उलटं घातलं जाणार नाही. एकटीला घालायला चार मिनिटं, काढायला दोन. काढताना दोन्ही कडा टपावर दुमडायच्या आणि मागून पुढं गुंडाळत यायचं. आतली बाजू अंगणाच्या मातीला लागता कामा नये, ही एवढीच शिस्त.

२६ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. दुपारी अडीचला सावलीत ४५. गाडीत ५१. एप्रिलमध्ये सावलीत ४२ असताना उघड्या गाडीत ६१ होतं. स्टिअरिंगला उघड्या हातानं धरता आलं.

आज बगळ्यांनी कव्हरवर दोन ठिकाणी घाण केली. ओल्या फडक्यानं निघाली, डाग कापडावर राहिला. कापडावर राहू दे.

वानरं मात्र नवीन जागा मिळाल्यासारखी टपावर बसून गेली. एका पिल्लानं नवार ओढून पाहिली. बकल टिकलं.

१२ जून

मिरगाचा पहिला मोठा पाऊस, काल रात्री. अस्तर परवाच काढून ठेवलं होतं. सकाळी उठून आधी कव्हर उचललं. टप कोरडा, बॉनेट कोरडं. दारांच्या खालच्या भागावर शिंतोडे, वीतभर मोकळं आहे तिथून उडालेले. बीडिंगला वास नाही. काचा आतून धुरकटलेल्या नाहीत. मामाजी दाराच्या त्याच फटीत बोट घालून पाहून गेले, काही बोलले नाहीत, चहा मागितला.

ऊन पडलं की पावसाळ्यात दिवसाआड तासभर कव्हर काढायचं, हे ठरवलं. शाळा अजून बंद आहे. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, तोवर गाडी बराच वेळ उभीच.

५ जुलै

उंदीर. चार दिवस सलग झड, गाडी हलली नाही. बॉनेट उघडलं तर बॅटरीजवळ कुटार आणि कापसाचं घरटं, आणि वायपरच्या पाण्याची नळी कुरतडलेली. तारा वाचल्या. कव्हरखाली अंधार, ऊब आणि कोरडी जागा, उंदराला आणखी काय हवं. आणि उंदरामागं साप येतो, ही खरी भीती. पहाटे अंधारात कव्हरखाली हात घालायचा नाही, आधी काठीनं चारही बाजू हलवायच्या आणि बॅटरी मारून पाहायचं. घरात पोरांनाही सांगितलं.

घरटं साफ केलं. कुटाराची पोती गाडीपासून दूर हलवली. आता गाडी उभी असेल त्या दिवशीही सकाळ-संध्याकाळ बॉनेट उघडून पाहते आणि पाच मिनिटं इंजिन चालू करते. चालू करताना कव्हर काढून, हे लिहायला नको पण लिहिते. सायलेन्सर तापतो आणि धूर आत कोंडतो.

१७ ऑगस्ट

मागच्या डाव्या कोपऱ्यावर, चाचांनी खूण केलेली नव्हती तिथं, कापड घासून पातळ झालंय. नंबरप्लेटचा स्क्रू. ठिगळ लावलं, स्क्रूवर रबरी टोपी बसवली. बाकी ठीक.

४ ऑक्टोबर

पाऊस गेला असं वाटतंय. गाडी धुतली, सावलीत पुसली आणि बॉनेट आडव्या उजेडात पाहिलं. मार्चमधल्या रेघा तशाच आहेत, त्या जाणार नाहीत. नवीन दिसली नाही. टपाचे पांढुरके डाग परत आलेले नाहीत. दाराचा ओरखडा आहे तिथं आहे, गंज धरलेला नाही.

कव्हर उलटं करून निंबाखाली वाळत घातलं. पीयूच्या लेपाला एका घडीवर चिकटपणा जाणवतोय. ओलं घडी करून ठेवलं होतं एकदा, जुलैत, त्याच घडीवर. पुढच्या पावसाळ्याआधी चाचांना दाखवायचं. धोतर पेटीतून काढून नाड्या तपासल्या, एक तुटली होती ती शिवली.

सोयाबीन सोंगणी परवापासून. सुडीसाठी ताडपत्री काढली तर तिला एका बाजूनं उंदरानं भोक पाडलंय. माझ्याकडं वरच्या कापडाचा अर्धा मीटर उरलाय, तो ठिगळाला दिला.